दगडातलं पाणी

लेकीला ताप आला की मी डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध पाजायचे, कपाळावर ओली घडी ठेवायचे आणि मग बाबांच्या खोलीत जाऊन कपाटातून आईचा दगड काढायचे. पहिल्या दोन गोष्टींनी तिचा ताप उतरायचा. तिसरीने माझा जीव थाऱ्यावर यायचा.

दगड मुठीत मावेल एवढा. एका बाजूने आरशासारखा, दुसऱ्या बाजूने नदीतून उचलला तसाच खडबडीत. आईने तो स्वतः घासला होता. शिवणाची गिऱ्हाइकं नसली की मशीनवर झाकण घालायची आणि पॉलिश कागद पाण्यात भिजवून घासत बसायची. अर्धा झाल्यावर म्हणाली, "एवढं तोंड धुऊन दिलं, पुरे. बाकीचं त्याचं तो धुवेल." त्या धुतलेल्या बाजूच्या आत, दुधाळ रंगात, एक काळी फांदी आहे. फांदी म्हणजे खरी नव्हे. बाबा सांगायचे, लाखो वर्षांपूर्वी एका बारीकशा भेगेतून काळं पाणी झिरपलं, त्याची ही वाट. मी लहानपणी तापाने फणफणले की आई हाच दगड माझ्या कपाळावर ठेवायची. कडक उन्हाळ्यातही तो गार. मला वाटायचं, माझा ताप त्या फांदीवरून चढत आत जातो आणि तिकडेच कुठेतरी हरवतो.

तापाच्या अशाच एका दुपारी खण उघडला, तर मखमलीच्या तुकड्यावर नुसता खळगा.

"बाबा, आईचा दगड कुठाय?"

बाबा खिडकीशी बसून भिंग पुसत होते. त्यांचं उभं आयुष्य चष्म्याची भिंगं घासण्यात गेलं. दुकान सोडलं तरी हात ऐकत नाहीत, म्हणून घरातली दोन-चार भिंगं आळीपाळीने पुसत बसतात. मी विचारलं तरी त्यांचा हात थांबला नाही. तिथेच मला कळलं की कुठेतरी पाणी मुरतंय.

"तो ना... घराला लावलाय," ते म्हणाले.

"कुठल्या घराला?"

"चक्रीतल्या."

बाबांचा दगडांचा छंद माझ्याहून वयाने मोठा. आई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले ते दोन बॅगा आणि एक कपाट घेऊन. कपाटात सगळे खण दगडांचेच. माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो, तर नेमकी त्या दिवशी आमच्या इमारतीची लिफ्ट बंद. ते कपाट जिन्याने चढवताना तो बाबांना म्हणाला होता, "सासरेबुवा, लोक मुलीबरोबर हुंडा देत नाहीत आजकाल, पण तुम्ही डोंगर दिलात."

मग कुणीतरी बाबांना दगड जमवणाऱ्यांच्या एका ग्रुपात घेतलं. फोनवरच भेटायचं सगळं. तिथे कुणाला नाव नाही, धंद्यावरून नाहीतर छंदावरून हाक. बाबा 'भिंगवाले'. एक बाई आधी शंख-शिंपले जमवायच्या, म्हणून त्या 'शिंपलेबाई'. आणि दर रविवारी दुपारी सोडत काढणारे ते 'चक्रीवाले'. त्यांचा चेहरा क्वचितच दिसायचा, दिसायचे ते हात. तारेचा गोल पिंजरा, त्यात आकडे घातलेल्या लाकडी गोट्या. एखाद्या चांगल्या दगडाची सोडत असली की आकडे विकायचे. आकड्याला म्हणायचं 'घर'. सगळी घरं भरली की पिंजरा फिरवायचा, एक गोटी बाहेर पडायची, ज्याचं घर लागलं त्याचा दगड. बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या.

सुरुवातीला बाबा शिलकीतून एखादं घर घ्यायचे. आम्ही काही बोललो नाही. म्हातारा माणूस पत्ते कुटतो, हे पिंजरा बघतात. पण ग्रुपात एक रिवाज होता तो मला त्या दुपारपर्यंत माहीत नव्हता. ज्याच्याकडे पैसे नसतील त्याने आपला दगड लावावा. त्याला म्हणायचं 'दगडी घर'. घर लागो न लागो, लावलेला दगड चक्रीवाल्यांच्या पेटीत जमा, पुढच्या कुठल्यातरी सोडतीसाठी.

मी दुसरा खण उघडला. तिसरा उघडला. अर्ध्याहून जास्त खळगे रिकामे होते. चवथ्या खणात तर मखमलसुद्धा सपाट झाली होती.

दारात उभा राहून नवरा बघत होता. तो हळूच म्हणाला, "हल्ली फरशी पुसताना कपाट एका हाताने सरकायचं. मला वाटलं, माझ्यातच जोर आला."

कुणी हसलं नाही. बाबाही नाहीत.

"एवढे दगड घालवून काय मिळवलंत?" मी विचारलं.

"एक लागला होता. लहानसा. पण मला तो नकोच होता गं. मला पाण्याचा पाहिजे. तो येईपर्यंत सराव म्हणून..."

"पण आईचा, बाबा? आईचा?"

"दुसरा काही त्या तोलाचा राहिलाच नव्हता," ते म्हणाले. आणि मग मला भांडायलाही जागा राहिली नाही, कारण त्यांनी फोन पुढे केला. "तू एकदा बघ. बघ आणि मग बोल."

पाण्याच्या दगडाची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले होते. बाबा विशीतले असताना दुकानात एक परका प्रवासी चष्मा न्यायला आला. त्याने खिशातून अंड्याएवढा पांढुरका दगड काढला आणि काउंटरवरच्या दिव्यापुढे धरून तिरका केला. दगडाच्या आत पाणी होतं. त्या पाण्यात एक बुडबुडा होता आणि तो सावकाश, अगदी सावकाश वर गेला. बाबा इतके हरखले की त्याला दुसऱ्याच कुणाचा तरी चष्मा देऊन बसले. आई हे सांगताना पोट धरून हसायची. "तो बिचारा घरी जाऊन बायकोला म्हणाला असेल, तू अशी काय दिसतेस!" पण बाबा हसायचे नाहीत. ते अजूनही त्या काउंटरपाशीच उभे असायचे.

फोनवर चक्रीवाल्यांचा हात दिसला. हातात दगड, मागे पिवळा बल्ब. इतका जवळ की माझ्या मनात आलं, ह्या माणसाचा हात भाजत नाही का? मग दगड तिरका झाला आणि मी बल्ब, हात, सगळं विसरले. मधाच्या रंगाची एक बंद खोली उजळली होती. तिच्यात पाणी होतं. पाण्याला कड होती, ती हलत होती, आणि एक बुडबुडा छताला टेकत टेकत एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात गेला. जणू कुणी आत राहत होतं आणि उठून दार बघायला गेलं होतं.

"हे पाणी आत गेलं," बाबा अगदी हळू आवाजात सांगू लागले, जसं झोपलेल्या मुलाशेजारी बोलतात, "तेव्हा माणूस नव्हता. पाणी प्यायला कुणी नव्हतं. तापलेल्या खडकात एक पोकळी राहिली, तिच्यात पाणी झिरपायचं, भिंतींवर अकिकाचा, ह्याच दगडाचा, एकेक पापुद्रा चढायचा. पापुद्र्यावर पापुद्रा. होता होता शेवटचं छिद्रसुद्धा बुजलं. आणि त्या दिवशी जे पाणी घरात होतं, ते घरातच राहिलं."

माझ्या कडेवर लेक होती. दिवसभर तापाने किरकिरत होती, दूध घेत नव्हती. ती गप्प झाली होती. तिचे तापाने चकाकणारे डोळे त्या बुडबुड्याबरोबर सरकत होते, डावीकडून उजवीकडे. मी रागवायला आले होते ते विसरून गेले. ज्या गोष्टीपुढे तापलेलं मूल रडायचं थांबतं, तिच्यासाठी माणूस कपाट रिकामं करतो ह्यात मला त्या क्षणी काही नवल वाटेना. ह्याचंच भय वाटायला हवं होतं, पण ते नंतर वाटलं.

"आणि लोक बघ कसे असतात," बाबा म्हणाले. "शिंपलेबाईंना हाच दगड लागला होता. हाच! आणि त्यांनी तो परत चक्रीत टाकला. दुसऱ्यालाही संधी मिळावी म्हणून. त्यांच्याआधी एका सुतारानेही तसंच केलं. केवढं मोठं मन. मला नाही जमणार. मी स्वार्थी माणूस. मला लागला तर मी घरी आणणार."

हाही तिथला एक रिवाज. जिंकलेला दगड परत चक्रीत टाकला की सगळे उभं राहून टाळ्या वाजवायचे आणि चक्रीवाले पेटीतला दुसरा कुठलाही दगड निवडायला द्यायचे.

रविवारी आम्ही सगळे बाबांच्या खोलीत बसलो. नवऱ्याने सुट्टी म्हणून दाढी केली नव्हती, पण फोन नीट दिसावा म्हणून स्टूल, त्यावर डबा, डब्यावर पुस्तक असा मनोरा रचला होता. पिंजरा फिरला. गोट्यांचा खडखडाट फोनमधून भांड्यातल्या खड्यांसारखा ऐकू आला. बाबांनी माझा हात धरला होता. माझा हात भिंगासारखा अंगठ्याने पुसत होते, त्यांना ठाऊकही नव्हतं.

गोटी पडली. चक्रीवाल्यांनी ती उचलून धरली.

"भिंगवाले!"

बाबा ओरडले नाहीत. ते उठले, खिडकीपाशी गेले आणि बाहेर बघत उभे राहिले. वळले तेव्हा त्यांचा चेहरा त्या काउंटरमागच्या मुलाचा होता.

पार्सल आलं तेव्हा त्यांनी आंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला. लेकीला मांडीवर घेतलं. मी कात्रीने दोरा कापला. कापसाच्या थरांतून तो दगड निघाला आणि हातात घेतल्याबरोबर बाबांच्या कपाळावर आठी पडली. मला वाटलं, वजन बघतायत. त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरला. तिरका केला. पुन्हा केला. कानाशी नेऊन हलवला. मग टेबलावरचं मोठं भिंग घेतलं.

खोली तिथेच होती. मधाच्या रंगाची, स्वच्छ, पारदर्शक भिंतींची. आत कुणी नव्हतं.

"आटलंय," बाबा म्हणाले.

लेकीने दगडाकडे हात केला, बाबांनी तो तिच्या हाती दिला, तिने चाटून पाहिला.

संध्याकाळी चक्रीवाल्यांचा फोन आला. बाबांनी तो स्पीकरवर ठेवला.

"भिंगवाले, तुम्हाला काय सांगू. माझा हेतू वाईट नव्हता हो. घरं भरेनात म्हणून दर रविवारी बल्बपुढे धरायचो. लोकांना ते पाणी बघायचं असायचं ना. तापून तापून कधी आटलं, मलाही कळलं नाही. आता दाखवतो ते जुनं चित्रण आहे."

"शिंपलेबाईंना माहीत होतं?"

"त्यांना आला तेव्हाही कोरडाच होता. सुतारालाही. त्यांनी समजून घेतलं. परत चक्रीत टाकला, पेटीतला दुसरा घेतला. कुणाचंच नुकसान नाही, टाळ्याही मिळाल्या. तुम्हीही तसंच करा. रविवारी सगळ्यांसमोर म्हणा, परत चक्रीत. आणि पेटीतला तुमचा तो फांदीवाला घेऊन जा. मी बाजूलाच काढून ठेवलाय."

फोन बंद झाल्यावर मी आधी बोलले. "द्या टाकून परत. बाबा, आईचा दगड येतोय घरी. आणखी काय पाहिजे?"

"आणि हा कुणाकडे जाईल?"

"ज्याला लागेल त्याच्याकडे. तोही परत टाकेल. सगळे टाकतातच आहेत."

"कुणीतरी ह्याच्यासाठी आपल्या बायकोचा दगड लावून बसला असेल," बाबा म्हणाले. एवढंच.

मला राग आला. खरंच आला. मी म्हणाले, "तो कोण कुठला! तुम्हाला दुसऱ्याच्या बायकोची काळजी आणि आपल्या नातीची नाही? उद्या हिला ताप आला तर मी हिच्या कपाळावर काय ठेवू, तुमचा मोठेपणा?" नवरा मला खुणेने आवर म्हणत होता. मी आवरलं नाही. बाबा ऐकून घेत होते. मग ते म्हणाले, "तुझी आई मला त्या चष्म्यावरून जन्मभर हसली. पण दुसऱ्या दिवशी त्या माणसाला शोधत आम्ही दोघं त्याच्या मुक्कामाच्या जागी गेलो होतो, हे तिने तुला कधी सांगितलं का? चुकीचा चष्मा त्याच्या नाकावर राहू कसा द्यायचा, म्हणाली. तेव्हा आमचं लग्नही झालं नव्हतं."

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी लेकीला उचललं आणि आतल्या खोलीत गेले.

रविवारी मनोरा पुन्हा रचला. ह्या वेळी नवऱ्याने दाढी केली होती. चक्रीवाल्यांचा आवाज उत्साही होता. "तर मंडळी, आपले भिंगवाले आज काहीतरी जाहीर करणार आहेत." फोनच्या छोट्या छोट्या चौकटींत माणसं सावरून बसली. टाळ्यांसाठी काहींचे हात वर आलेसुद्धा होते.

बाबांनी दगड फोनसमोर धरला. मागे खिडकी, बल्ब नाही. त्यांनी तो सावकाश तिरका केला. मग दुसऱ्या बाजूला.

"बघा," ते म्हणाले. "नीट बघा. घाई नाही."

चौकटींतले वर आलेले हात एकेक करून खाली गेले. त्या शांततेत मला एखादी प्रचंड गोष्ट खोलीतून निघून गेल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं जमिनीखाली टिकलेलं पाणी, भूकंपांनी न सांडलेलं, डोंगर झिजले तरी न हललेलं. आणि आमची घरं भरावीत म्हणून दर रविवारी दिव्यापुढे धरता धरता ते उडून गेलं. ह्यात एकट्या चक्रीवाल्यांचा हात नव्हता. ते बघायला आम्ही सगळेच बसलो होतो.

मग एका चौकटीतून बाईचा आवाज आला. "माझ्याकडे आला तेव्हाही कोरडाच होता. मला वाटलं, माझ्याच हातून काही झालं. म्हणून बोलले नाही." शिंपलेबाई. त्यांनी पदराने चष्मा पुसला. "टाळ्या वाजवल्यात तुम्ही. मला त्या रात्रंदिवस ऐकू यायच्या."

"भिंगवाले," चक्रीवाले म्हणाले. एवढंच म्हणाले. मग त्यांची चौकट काळी झाली.

ग्रुप त्याच आठवड्यात मोडला. चक्रीवाल्यांचा फोन लागेना. आईचा दगड आला नाही. आजवर आलेला नाही. तो कुठल्या कपाटात आहे, कुणाच्या मुलाच्या कपाळाला लागतो की नुसताच धूळ खातो, मला ठाऊक नाही. कधी कधी चालता चालता हाताची मूठ आपोआप त्याच्या मापाची होते.

बाबांनी कोरडा दगड एका काचेच्या भांड्यात घातला, वरून नळाचं पाणी ओतलं आणि भांडं खिडकीपासून लांब, सावलीत ठेवलं.

"तडा नाहीये कुठे," ते म्हणाले. "भिंतीतूनच गेलंय, अंगाला घाम सुटावा तसं. गेलं त्याच वाटेने आलं तर येईल."

"नळाचं पाणी?" नवरा म्हणाला. "सासरेबुवा, त्यात काय मजा? ते जुनं पाणी होतं म्हणून तर किंमत."

"जावईबापू, नवं पाणी कुठे बनतं? नळाला आलं म्हणून नवं? हेही तेवढंच म्हातारं आहे. ते घरात बसून होतं, हे फिरत होतं, एवढाच फरक."

नवऱ्याने हातातल्या पेल्याकडे पाहिलं आणि मग जरा जपूनच तो प्यायला. त्या दिवसापासून मलाही बाळाची बाटली धुताना नळ सोडला की क्षणभर थांबायला होतं.

दिवस गेले. लेक बसू लागली, रांगू लागली, कपाटाला धरून उभी राहू लागली. रिकाम्या खणांत तिची झबली आणि खेळणी गेली. बाबा भांड्यातलं पाणी बदलायचे, दगड उजेडात धरायचे, परत ठेवायचे. मी विचारायचं सोडून दिलं होतं. बाबांशी धरलेला माझा अबोला केव्हाच सुटला होता, पण त्या भांड्याकडे मी बघत नसे.

मग दाढा येताना लेकीला पुन्हा ताप आला. औषध दिलं, ओली घडी ठेवली. आणि सवयीने उठून मी बाबांच्या खोलीत गेले, खणाला हात घातला, तर हाती लोकरीचं टोपडं आलं. मी तिथेच उभी राहिले. बाबांनी पाहिलं. त्यांनी भांड्यात हात घातला, दगड काढला, सदऱ्याला टिपला आणि लेकीजवळ जाऊन बसले.

"हाही गार आहे," ते म्हणाले.

त्यांनी तो तिच्या कपाळावर ठेवला. ती कण्हायची थांबली. थोड्या वेळाने तिने दोन्ही हातांनी तो ओढून घेतला आणि खिडकीच्या उजेडात डोळ्यांसमोर धरला, आजोबा धरतात अगदी तसा. दगड तिच्या हातात कलला.

तिचे डोळे सरकले. डावीकडून उजवीकडे, अगदी सावकाश.

बाबांनी माझा हात धरला. आम्ही दोघांनी वाकून तिच्या डोळ्यांच्या रेषेत आपापलं डोकं नेलं. मधाच्या खोलीच्या तळाशी नखाच्या कोरीएवढं पाणी होतं. त्याला कड होती. ती हलत होती.